खाडीतल्या आमच्या बोटी

आम्ही बोट घेतली ती बायकोसाठी. असं सांगितलं की लोकांना वाटतं, तिला फिरवायला घेतली असेल. प्रत्यक्षात बोट मी चालवतो आणि बायको तिच्या मागे दोरी धरून, पायात फळी अडकवून पाण्यावर उभी राहते. वेकबोर्डिंग म्हणतात त्याला. बोईसरमध्ये हा शब्द सांगून कुणाला काही कळत नाही, म्हणून मी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवतो. माणूस आधी व्हिडिओ बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "ह्या वहिनी आहेत?"

वहिनीच.

माझं तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. स्टीलच्या टाक्या, पाइपलाइन, रेलिंग असली कामं. बायकोचं बोईसरला शिवणकामाचं दुकान; कारखान्यांचे युनिफॉर्म, एप्रन, यंत्रांवर घालायची कव्हरं ती शिवून देते. मी पालघरच्या आतल्या बाजूचा, वाडीतला. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर आणि पाट. ती दांडीची. तिचे वडील तांडेल, मासेमारीची होडी घेऊन समुद्रात जाणारे. समुद्र तिच्या दारातच होता, पण लग्न होईपर्यंत ती होडीत एकदाही बसली नव्हती. त्यांच्या घरात बायकांनी होडीत चढायची रीत नव्हती. होडी किनाऱ्याला लागली की मासळी उतरवायची, निवडायची, टोपलीत भरायची आणि बाजार गाठायचा. बायकांचं काम तिथून सुरू व्हायचं.

आमची मुलगी पुण्याला शिकायला गेली त्या वर्षी आम्ही तिला भेटायला गेलो होतो. ती आम्हाला जवळच्या एका तलावावर घेऊन गेली. तिथे एक बोट मुलांना ओढत होती. फळीवर उभी राहिलेली मुलं बोटीच्या मागच्या लाटेवरून इकडून तिकडे सरकत होती. मी भजी मागवायला गेलो. परत आलो तर बायको चपला काढून तिथल्या शिकवणाऱ्या मुलीशी बोलत उभी.

"मला जमेल का?" ती विचारत होती.

"जमेल की, काकू. फक्त हात सरळ ठेवायचे आणि उठायची घाई करायची नाही."

त्या वेळी बायकोची पंचेचाळिशी जवळ आली होती. मुलगी म्हणाली, "आई, खरंच?" आई तोवर लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरली होती. ती पडली. परत पडली. नाकातोंडात पाणी गेलं, खोकली, आणि दोरी पुन्हा हातात घेतली. मी तिची पर्स आणि चपला सांभाळत काठावर बसलो होतो. मला पोहता येत नाही, त्यामुळे ती पाण्याखाली गेली की मी उठून उभा राहत होतो. शेवटच्या खेपेला ती उठली. किती वेळ उभी राहिली ते सांगता येणार नाही. मी श्वास रोखून धरला होता तेवढा वेळ.

परतीच्या वाटेवर ती तळहात चोळत बसली होती. चिल्हार फाट्याला चहाला थांबलो. अर्धा कप झाल्यावर ती म्हणाली, "अहो, आपल्याकडे खाडी आहे."

"आहे."

"आणि तुमच्याकडे वेल्डिंग मशीन आहे."

एवढंच बोलली आणि उरलेला चहा प्यायली. मला हसू आलं, पण हसलो नाही. संसारात तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. आणि मागितलं तर हे!

पहिली बोट आम्हाला सातपाटीच्या बाजूला मिळाली. जुनी, फायबरची, मागे आऊटबोर्ड इंजिन लावलेली. पूर्वी ती सुट्टीत आलेल्या लोकांना घेऊन फेऱ्या मारायची. बघायला जाताना सासऱ्यांना बरोबर घेतलं. मी त्यांना बाबा म्हणतो. त्यांनी स्वतःची होडी कधीच विकून टाकली होती. दोन्ही मुलगे कारखान्यात लागले, होडीवर जायला कुणी उरलं नाही. त्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून आले होते. बोटीभोवती एक चक्कर मारली, बोटांच्या पेरांनी ठिकठिकाणी ठोकून आवाज ऐकला.

"बोट बरी हाय," ते म्हणाले. "पन जाळं कुठनं टाकनार? जागाच नाय."

"जाळं नाही टाकायचं, बाबा," बायको म्हणाली. "मासे नाही आणायचे."

"मंग?"

"मी मागनं दोरी धरून उभी राहनार. फळीवर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. ते बराच वेळ बोटीच्या काठावर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "दोरी चांगली घ्या."

बंदर खात्याच्या कचेरीत नोंदणीला गेलो तेव्हा तिथल्या साहेबांची अशीच पंचाईत झाली.

"मासेमारी की प्रवासी?"

"दोन्ही नाही."

"मग कशासाठी?"

"घरगुती," मी म्हणालो. दुसरा शब्द सुचला नाही. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं, हसले आणि खासगी वापराचे कागद पुढे सरकवले. वर समुद्राच्या कुठल्या भागात जायचं नाही तेही नीट समजावून सांगितलं. घिवलीकडच्या अणुऊर्जा केंद्राजवळचं पाणी अर्थातच आम्हाला बंद. पण आम्हाला समुद्र नकोच होता. आम्हाला हवी होती भरतीची खाडी. सकाळी वारा पडलेला असताना काचेसारखी दिसते ती.

पहिल्या दिवशी दोरी बोटीच्या मागच्या कडीला बांधली. बायको उठायला गेली की दोरी तिला खाली ओढायची आणि ती तोंडावर पडायची. मुलगी फोनवर म्हणाली, दोरी उंचावर बांधायला हवी, त्यासाठी बोटीवर लोखंडी कमान असते. कमान म्हटल्यावर मला माझा प्रांत सापडला. वर्कशॉपमध्ये स्टीलचा पाइप वाकवला, जोड दिले, घासून गुळगुळीत केले. माझ्या हाताखालचे उत्तर प्रदेशातले कारागीर विचारायचे, "सेठ, यह किस कंपनी का ऑर्डर है?" मी म्हणायचो, "घर का है." बायकोने दुकानात उरलेल्या रेक्झिनमधून बोटीच्या बैठकी शिवल्या, वर घालायचं कव्हर शिवलं. मागचं दिसावं म्हणून एका जुन्या ट्रकचा आरसा मी समोर बसवला. फळी आणि बूट मुलीने मागवून दिले. दोरी मात्र बाबांनी त्यांच्या जाळ्याची दिली, आणि ती निघाली ताणणारी. झटका बसला की बायको उडायची. ती बदलून न ताणणारी आणली तेव्हा बाबा दोन दिवस रुसले होते.

यात तीन माणसं लागतात. एक दोरीला, एक सुकाणाला आणि एक मागे बघणारा. चालवणाऱ्याने पुढे बघायचं असतं. आरशात नजर टाकली तरी क्षणभरच. दोरीवरचा माणूस पडला की मागे बघणाऱ्याने ओरडायचं, मग चालवणाऱ्याने वेग कमी करून वळायचं आणि त्याला आणायचं. मुलगी पुण्यात, म्हणून मी वर्कशॉपमधल्या एकाला बोलवणार होतो. बाबा म्हणाले, "मी हाय ना."

तेव्हापासून ते उलटे बसू लागले. पाठ माझ्याकडे, तोंड लेकीकडे, एक हात कमानीच्या पाइपवर. बोलायचे दोनच शब्द. "उठली!" आणि "पडली!" पहिल्या हंगामात 'पडली' फार ऐकलं. पण एका सकाळी 'उठली' म्हणाले आणि नंतर काहीच म्हणेनात. पुढे तिवरांची झाडं जवळ येऊ लागली, खाडी संपत आली, तरी ते गप्प. मी आरशात बघितलं तर बायको ताठ उभी, गुडघे जरासे वाकवलेले, पदर खोचून कामाला लागताना तिचा चेहरा होतो तसा चेहरा. वळण घेताना ती पडली एकदाची. बोटीत घेतली तेव्हा बाबांनी खांद्यावरचा पंचा काढून तिचं डोकं पुसलं.

एकदा बोट घेतली की माणूस तेवढ्यावर थांबत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उभं राहता आलं तसं तिला बोटीमागची लाट छोटी वाटू लागली. लाट मोठी हवी तर बोट मागून जड हवी. मी पाण्याने भरलेले कॅन ठेवले, ते घरंगळायचे. मग तिने जाड रेक्झिनच्या लांबट पिशव्या शिवल्या आणि आम्ही पंपाने त्यात खाडीचंच पाणी भरू लागलो. लाट उठली, पण तेवढं वजन ओढताना जुनं इंजिन दम्याच्या माणसासारखं धापा टाकू लागलं. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला तेव्हा ती बोट केळव्याच्या एका कुटुंबाला दिली आणि वसईकडून दुसरी आणली. थोडी लांब, थोडी रुंद, इंजिन दुपटीने ताकदीचं.

जुनी बोट न्यायला माणसं आली तेव्हा बायको घरातून बाहेर आली नाही. मला वाटलं, रडत असेल. बघायला गेलो तर मशीनवर बसून नवीन बोटीच्या बैठकी शिवत होती. म्हणाली, "त्यांना सांगा, जुनं कव्हर न्या म्हणावं. तिच्याच मापाचं आहे ते." मग मशीन थांबवून विचारलं, "गेली का?"

दुसऱ्या बोटीवर माझी कमान जास्त चांगली झाली. फळ्या ठेवायला कडेला खोबण्या केल्या, पाण्यातून वर चढायला शिडी लावली. मुलीने सुट्टीत येऊन स्पीकर बसवले. पहिल्याच दिवशी बाबांनी ते बंद करायला लावले. म्हणाले, इंजिनाचं ऐकू येत नाय.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला बोट शेडमध्येच होती, पावसाळा ना, पण बायकोने ती पुसून काढली, हार घातला, नारळ वाढवला. दांडीहून तिच्या दोन भावजया आणि लहानपणची एक मैत्रीण आली होती. मैत्रीण अजून मासे विकते. प्रसाद खाता खाता ती बोटीत चढून बसली आणि म्हणाली, "आमाला कवा नेनार?"

पाऊस संपल्यावर आम्ही त्या तिघींना नेलं. फळीबिळी काही नाही, नुसतं खाडीतून बाहेर पडून शांत पाण्यात थोडं पुढे. मी बोट वळवून उभी केली. समोर त्यांचं गाव होतं. वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांचे मांडव, त्यामागे घरं, नारळ. मैत्रीण म्हणाली, "आपलं गाव असं दिसतं व्हय?" मग सगळ्या एकाच वेळी बोलायला लागल्या. ते माझं घर, ती शाळा, तो तुजा नवरा बग, अजून खाटेवरच हाय. बायको त्यांच्या मधोमध बसली होती. तिला मी इतकं मोठ्याने हसताना फार कमी वेळा ऐकलं आहे.

दुसरी बोट दोन-तीन हंगाम टिकली. तोवर बायको लाट ओलांडून छोटी उडी मारायला शिकली होती आणि दुकानातली कामं संपवून मोबाइलवर बोटीच बघत बसायची. मला म्हणायची, "हिचं इंजिन पोटात असतं, बघा. पाणी कापणारा पंखा बोटीच्या खाली लपलेला. मागे माणसाला भीती नाही." ही तिची खरी वकिली होती. मलाही त्या मागच्या उघड्या पंख्याची धास्ती वाटायची. तिला बोटीत घेताना मी इंजिन बंद करून, चावी काढून, वर हाताने खिसा चाचपून बघायचो. शेवटी रायगडकडच्या एका बंगल्यात खास वेकबोर्डिंगसाठीच बनवलेली एक बोट पडून असल्याचं कळलं. मालकाची मुलं परदेशी गेली होती. तो म्हणाला, "वापरणाऱ्याच्या घरी जाऊ दे." आम्ही दुसरी बोट दिली, वर पैसे घातले आणि ती ट्रकवर लादून आणली.

ट्रॅक्टरने ती दांडीच्या धक्क्यापाशी आणली तेव्हा अर्धं गाव जमलं होतं. पांढरी, निळा पट्टा, आत मऊ बैठकी, वजनासाठी पोटातच पाण्याच्या टाक्या. बाबा म्हणाले, "ही तर वरातीची गाडी हाय."

माझ्यासाठी त्या बोटीत काही काम उरलं नव्हतं. कमानसुद्धा तयार होती. थोडं वाईट वाटलं. पण तिची लाट मात्र खरोखर उंच आणि साफ यायची. बायको त्या लाटेवर गेली की दोरी सैल सोडल्यासारखी वाटायची, असं बाबा सांगायचे.

एकच अडचण होती. इंजिन पोटात आणि पंखा खाली, म्हणून तिला खोल पाणी लागायचं. खोली दाखवणारं यंत्र आमच्या गढूळ पाण्यात वाटेल ते आकडे दाखवायचं, म्हणून मी ते बंदच ठेवायचो. जाता-येताना बाबा पुढे बसून बोटाने वाट दाखवायचे. खाडीत त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी बोट दाखवलं की मी डोळे मिटून जायचो.

हिवाळ्यातल्या एका सकाळी आम्ही परतत होतो. ओहोटी लागली होती, बायको पंचा गुंडाळून मागे बसली होती. बाबा पुढून म्हणाले, "सरळ जाऊ द्या, पानी हाय." आणि बोट मऊ काहीतरी लागावं तशी थांबली. मी इंजिन बंद केलं. काठीने ढकलून पाहिलं, तिघांनी एका बाजूला होऊन पाहिलं. पाणी डोळ्यांदेखत उतरत होतं. थोड्या वेळाने आमची वरातीची गाडी चिखलात तिरकी बसली होती आणि आजूबाजूला निवटे, चिखलात राहणारे छोटे मासे, उड्या मारत होते. आता भरती येईपर्यंत जागचं हलायचं नव्हतं.

बायकोने कव्हर काढून कमानीवर टाकलं, सावली केली. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. आम्ही खायला बसलो. बाबा खाईनात. लांबवर बगळे उभे होते, त्या दिशेला बघत राहिले.

"पावसात गाळ सरकला असेल, बाबा," मी म्हणालो. "तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

"जावय, मला पानी दिसलंच नाय."

"म्हणजे?"

"उथळ असलं की पान्याचा रंग बदलतो. तो नाय दिसला. आता सगळं एकसारखंच दिसतं. पेजेत बघितल्यावानी."

बायकोने हातातली भाकरी खाली ठेवली. "आणि मी? दोरीवर असते तवा मी दिसते?"

त्यांनी कमानीच्या पाइपवर हात ठेवला, रोज ठेवत तसाच. "इथनं कळतं. तू उभी हायस तवर पाइप थरथरतो. पडलीस का गप व्हतो."

मला वाटायचं, ते आधारासाठी धरतात.

"कवापास्नं?" बायकोने विचारलं.

"गेल्या बोटीपास्नं. शेवटी शेवटी."

"आणि बोलला नाय?"

"बोललो असतो तर बसवलं असतंस का मला?"

मी रागावणार होतो. दोन वाक्यं तोंडाशी आलीही होती. पण बायकोचा चेहरा बघितला आणि गिळून टाकली. ती सरकून त्यांच्या शेजारी गेली, भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर चटणी ठेवली आणि त्यांच्या हातात दिला. "खा आधी," म्हणाली. त्यांनी खाल्ला. तिने दुसरा दिला.

"पालघरला जायचं," ती म्हणाली. "डोळे दाखवायला."

"डोळ्याला सुरी लावून घेनार नाय मी."

"मग मागे बसायचं नाय."

बाबांनी तिच्याकडे मान वळवली. ती अगदी जवळ होती, तरी ते तिला शोधल्यासारखे बघत होते. आधी माझं लक्ष कसं गेलं नव्हतं कोण जाणे.

"कवा जायचं?" त्यांनी विचारलं.

भरती आली तशी बोट हळूहळू सरळ झाली, मग तरंगली. तोवर बाबा बायकोच्या खांद्याला टेकून झोपले होते. तिने मला खूण केली, सावकाश चालवा.

पालघरच्या दवाखान्यात आधी एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, काही आठवड्यांनी दुसऱ्याचं. पहिली पट्टी काढली तेव्हा आम्ही दोघं बाहेर बाकावर होतो. नर्सने हाक मारली. बाबा खुर्चीत बसले होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्यांनी आधी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, नर्सकडे बघितलं, आणि मग बायको समोर जाऊन उभी राहिली तशी तिच्याकडे बघतच राहिले.

"अगं," ते म्हणाले, "तू एवढी म्हातारी कवा झालीस?"

नर्स हसू आवरत बाहेर गेली. बायको हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ते तिच्या कानाशेजारचे केस बोटांनी बाजूला करून बघत होते. "पिकले की सगळे. मला वाटलं, अजून काळेच हायत."

मग माझ्याकडे वळले. "तुमी काय नाय बदलले. तुमी आदीपास्नं असेच दिसता."

डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस ते पाण्यापासून लांब राहिले. रोज फोन करून विचारायचे, बोट कुठं हाय, धुतली का, मिठाचं पानी राहू देऊ नका. एकदाची परवानगी मिळाली तशी डोक्याला रुमाल, डोळ्यांना काळा चष्मा लावून पहाटेच धक्क्यावर येऊन बसले.

बायको पाण्यात उतरली. मी वेग दिला आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या हाकेची वाट बघू लागलो. हाक येईना. बोट पूर्ण वेगात आली तरी नाही. मी ओरडलो, "बाबा, उठली का?"

"थांबा ना," ते मागूनच म्हणाले, "बघू द्या."

मी आरशात पाहिलं. ती उभी होती. बाबांचे दोन्ही हात मांडीवर होते.

ती तिसरी बोट आम्ही उन्हाळ्याच्या आधीच दिली. लोणावळ्याकडचं एक तरुण जोडपं घेऊन गेलं. त्यांच्या तलावाला ती शोभेल. पुन्हा गाळात बसायची आमची तयारी नव्हती, आणि त्या बोटीत चढताना बाबांना काठ फार उंच पडायचा, दोघांनी धरून घ्यावं लागायचं. ते त्यांना आवडायचं नाही. चौथी बोट बायकोने एकटीने निवडली. लहान, हलकी, उथळ पाण्यात चालणारी, इंजिन मागे पण नव्या धाटणीचं, शांत. पंख्याभोवती मी स्टीलचं कडं बसवलं. मागच्या बाजूला पाण्यालगत रुंद पायरी. गावातले म्हणाले, हे काय, मोठी देऊन छोटी घेतली? बायको म्हणाली, आमाला हीच मोठी.

हिला कमान मलाच करावी लागली. त्या वेळी बाबा रोज वर्कशॉपमध्ये येऊन बसायचे. नवीन डोळ्यांनी माझे जोड तपासायचे आणि एखाद्या जोडावर नख घासून म्हणायचे, "हितं जरा राहिलं." बहुतेक वेळा तिथे काहीही राहिलेलं नसायचं. मी तरी पुन्हा घासायचो.

ती पाण्यात उतरवली त्याच आठवड्यातली गोष्ट. भरती पूर्ण होती, वारा नव्हता. बायको पायात फळी अडकवून पाण्यात तयार होती. बाबा मागच्या जागी न बसता माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"सरका, जावय," म्हणाले. "हलकी हाय. मी धरतो. तुमी जावा मागं."

मी बायकोकडे बघितलं. पाण्यातून तिने हात वर केला. मी सुकाण सोडलं आणि मागे जाऊन उलटा बसलो. इतक्या वर्षांत त्या जागेवर मी बसलोच नव्हतो. बाबांनी वेग दिला तो इतका सावकाश आणि एकसारखा की मला लाज वाटली. दोरी ताणली गेली. पाण्यातून आधी फळीचं टोक आलं, मग ती आली. मी तिला आजवर आरशातल्या चौकोनात बघितलं होतं, ओझरती, उलटी. आता ती सगळी दिसत होती. गुडघे कसे वाकवते, लाटेकडे जाताना आधी खांदा कसा वळवते, उडायच्या आधी ओठ कसे घट्ट मिटते. उडी मारून खाली आली तेव्हा तोल गेला, सावरला, आणि तिने मान वर करून बघितलं. तिथे तिचे वडील नव्हते, मी होतो. ती लाजली. इतक्या लांबून आणि एवढ्या वर्षांनी, पण मला स्पष्ट दिसलं.

"काय करते ती?" बाबांनी पुढूनच विचारलं.

"बरी आहे," मी म्हणालो. ते पुढे बघतच हसले.

परत आल्यावर बोट ट्रॅक्टरने वर ओढली, गोड्या पाण्याने इंजिन धुतलं. बायकोला भूक लागली होती. धक्क्यावर एक बाई भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा विकत होती. आम्ही तिघं बोटीच्या त्या रुंद पायरीवर बसून शेंगा सोलत होतो. बाबा सोललेले दाणे मुठीत जमवत होते आणि मूठ भरली की लेकीच्या ओंजळीत ओतत होते.